आधी कोणता ऐकावा: पिंक फ्लॉइड की माइल्स डेव्हिस?

परभणीचा भाचा विचारतो, "मामा, रॉक ऐकू का जॅझ? सुरुवात कशानं करू?" माझ्याकडं दोनच अल्बमची नावं: रॉक बँड पिंक फ्लॉइडचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) आणि जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' (1959).

वेळ दोन्हींना सारखाच, पाऊण तासाच्या आतबाहेर.

कान लगेच धरतो तो फ्लॉइड. छातीचे ठोके, घड्याळांचा गजर, गल्ल्याची खणखण. त्यातलं 'मनी' हे गाणं तर सात मात्रांचं. रूपक ताल वाजवलेल्याला पटकन सापडतं. (गिटारच्या वेळी चार होतात, तिथं मी अजून चुकतो.) शब्द मात्र समजून घ्यावे लागतात.

माइल्सकडं शब्दच नाहीत. पहिल्यांदा मला ते हॉटेलात मागं वाजणारं संगीत वाटलं, खरं सांगतो. तिसऱ्या खेपेला कळलं, 'सो व्हॉट' या पहिल्या तुकड्यात धून बास (खर्जातलं तंतुवाद्य) सांगतो अन् बाकीचे नुसता हुंकार देतात. एकाच स्वरसमूहावर निवांत रेंगाळणं रागाची सवय असलेल्याला परकं नाही.

एसटीत दोन्ही वाया जातात. चांगले हेडफोन अन् सलग बैठक असेल तर फ्लॉइड घे. लाइट गेल्यावर गच्चीवर, मोबाइल उशाशी ठेवून ऐकणार असशील तर माइल्स.