ट्रॅक्टर कुठून घ्यावा : तालुक्याच्या जुन्या दुकानातून की जिल्ह्याच्या शोरूममधून?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस भागात ट्रॅक्टर घ्यायला निघालेल्या माणसापुढे साधारण दोन वाटा असतात. तालुक्याच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून असलेलं दुकान, नाहीतर यवतमाळ रोडवरची नवी, मोठी शोरूम. कंपन्या वेगळ्या असल्या तरी 40-45 एचपीच्या ट्रॅक्टरमध्ये वावरातल्या कामापुरता आता फार फरक उरलेला नाही, असं माझं मत आहे. फरक पडतो तो विकणाऱ्यात.

जुन्या दुकानाचा इतिहास आधी सांगतो, कारण निर्णयाला तोच उपयोगी पडतो. आजोबांनी सुरुवात केली ऑइल इंजिन, पंप आणि नांगराच्या फाळांपासून. विहिरींवरची मोट जाऊन इंजिन बसत होतं, तो काळ. 1972 मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, म्हणजे कापूस सरकारलाच विकायचा. शेतकऱ्याच्या हातात चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, पडेल तेव्हाच दुकानाची उधारी फिटायची, म्हणून वहीतले वायदेही चुकाऱ्याच्या हिशेबानंच लिहिले जायचे. मुलानं पुढं एचएमटीची एजन्सी घेतली. हरियाणातल्या पिंजोरच्या सरकारी कारखान्यातला, झेटॉर या चेक कंपनीच्या तंत्रज्ञानावरचा तो ट्रॅक्टर. 2016 मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचं ठरवलं आणि एजन्सी संपली.

कोणत्याही दुकानाची खरी परीक्षा अशा वेळी होते. या घरानं दुसऱ्या कंपनीची एजन्सी घेतली, पण एचएमटीच्या जुन्या गिऱ्हाइकांना वाऱ्यावर सोडलं नाही. मागच्या खोलीत आजही लाकडी खणांवर खडूनं लिहिलेले मॉडेलांचे आकडे दिसतात : 2511, 3511, 5911. आत क्लच प्लेटा, औजार उचलणाऱ्या लिफ्टच्या ओ-रिंगा, वॉटर पंपाचे किट. ज्या ट्रॅक्टरवर आता नव्यानं एक रुपया कमावता येणार नाही, त्याचे पुर्जे जपून ठेवणारा माणूस माझ्या ट्रॅक्टरचेही ठेवील, हा भरवसा मला कोणत्याही ऑफरपेक्षा मोठा वाटतो.

आपल्याकडं तो भरवसा का लागतो, हे कोरडवाहू शेती करणाऱ्याला सांगायला नको. मृग कोरडा गेला आणि आर्द्रात पाऊस पडला, की वाफसा येताच सगळ्यांची पेरणी एकदम निघते. काळ्या जमिनीत पुन्हा पाऊस आला तर चाक वावरात घालता येत नाही. त्या मोजक्या दिवसांत लिफ्ट बंद पडली, तर शोरूमच्या फोनवर तक्रार नोंदवली जाते, नंबर मिळतो आणि मेकॅनिक अख्ख्या जिल्ह्यात फिरत असतो. तालुक्याचा मिस्त्री मोटरसायकलवर धुऱ्यापर्यंत येतो. धूर काळा दिसला तर आधी एअर क्लीनर उघडतो, निळा दिसला तर ऑइल जळतंय म्हणून रिंगांकडं वळतो.

आता शोरूमची बाजू. ती लहान नाही. 1 जानेवारी 2023 पासून 50 एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यामुळं त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, सेन्सर आले. तिथं मिस्त्रीचा कान पुरत नाही, स्कॅनर आणि शिकलेला मेकॅनिक लागतो. मोठा ट्रॅक्टर घेऊन रोटाव्हेटर, थ्रेशर भाड्यानं चालवायचा धंदा करायचा असेल, तर मी शोरूमचंच नाव सांगेन. जुना ट्रॅक्टर बदलीत देणाऱ्यानं तर तिथं भाव विचारावाच. अनुदानाचे कागदही तिथली पोरं चटपटीतपणे करतात. मात्र महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमतीपत्र हाती येईपर्यंत बिल फाडू नका, मग समोरचा कितीही घाई करो. आधी खरेदी केली की अनुदान गेलं.

दरात दोन्हीकडं फारसं अंतर निघत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तो सगळ्यांनाच सारखा. खेळ होतो तो पासिंग, विमा, हूक, बंपर आणि छताच्या आकड्यांत. दोन्हीकडून प्रत्येक बाब वेगळी लिहिलेलं कोटेशन घ्या. विमा दुकानदाराकडूनच काढला पाहिजे अशी सक्ती नसते.

कर्जाचं म्हणाल तर शोरूममध्ये फायनान्सवाला टेबल टाकून बसलेला असतो, दोन दिवसांत फाइल मंजूर होते. पण व्याजाचा दर बँकेत जाऊन ताडून बघा. हप्ते सहामाहीच मागा. सोयाबीन-कापूस पिकवणाऱ्याला महिन्याचा हप्ता झेपत नाही.

जुनं म्हणून डोळे झाकून जाऊ नका, हेही तितकंच खरं. काही दुकानांत आजोबांचा फोटो भिंतीवर असतो आणि नातू गल्ल्यावर, पण पुर्जे मागितले की "उद्या अकोल्याहून मागवतो" असं उत्तर मिळतं. मिस्त्री सोडून गेलेला असतो. म्हणून दिवाळीच्या गर्दीत पारख करू नका. जूनमध्ये एखाद्या सकाळी दुकानासमोर थोडा वेळ उभे राहा. कोण रिकाम्या हातानं परत जातो, ते दिसतं. शोरूमनं आपल्या गावाजवळ सर्व्हिसचा माणूस ठेवलाय का, तेही त्याच आठवड्यात कळतं.

दहा-बारा एकर कोरडवाहू आणि घरचा पहिलाच ट्रॅक्टर असेल, तर मी तालुक्याच्या दुकानातून घेईन, चार-पाच हजार जास्त पडले तरी. 50 एचपीच्या वर जायचं असेल, किंवा गाव यवतमाळच्या अगदी लगत असेल, तर शोरूम. आणि पऱ्हाटीत (कपाशीत) डवरणीसाठी, म्हणजे ओळींमधलं तण काढायला, मिनी ट्रॅक्टर हवा असेल, तर जो दुकानदार आधी आपल्या दोन ओळींमधलं अंतर विचारतो आणि मग मॉडेल दाखवतो, त्याच्याकडं जा.