पिक१६, एव्हीआर की कॉर्टेक्स-एम०+? रजिस्टर बघून ठरवा

मायक्रोकंट्रोलर निवडताना नजर आधी मेगाहर्ट्झवर जाते. पिक१६, एव्हीआर आणि कॉर्टेक्स-एम०+ (पुढे नुसतं एम०+) या त्यातल्या तीन जाती. मी आधी बघतो ते हे, की साध्या बेरजेसाठी चिपला रॅमकडे किती फेऱ्या माराव्या लागतात. ते ठरतं रजिस्टरांवर, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या चिमुकल्या साठवणजागांवर.

पिक१६मध्ये जवळजवळ सगळं गणित डब्ल्यू या एकाच रजिस्टरमधून जातं. १६ बिटांच्या एका व्हेरिएबलमध्ये दुसरं मिळवायला जुन्या पिक१६वर सहा इन्स्ट्रक्शन सायकल लागतात. एक सायकल म्हणजे चार क्लॉक (चिपच्या घड्याळाचे ठोके), म्हणून एकूण २४. सुधारित पिक१६मध्ये कॅरीसकट (हातच्यासकट) बेरजेची इन्स्ट्रक्शन आली आणि हेच काम १६ क्लॉकवर आलं.

एव्हीआरकडे ३२ रजिस्टर आहेत. दोन्ही संख्या आधीच तिथे असतील तर बेरीज दोन क्लॉकमध्ये उरकते. त्याच संख्या रॅममध्ये असतील, तर चार बाइट आणायचे, दोन परत ठेवायचे, दर वेळी दोन क्लॉक. हिशेब १४वर जातो. ग्लोबल, म्हणजे रॅममध्येच राहणाऱ्या, व्हेरिएबलांनी भरलेल्या प्रोग्रॅममध्ये एव्हीआरचा वेग कुठे जातो, ते इथे कळतं. शिवाय ती ३२ सारखी नाहीत: स्थिर किंमत थेट भरता येते ती फक्त आर१६ ते आर३१मध्ये.

एम०+मध्येही बहुतेक इन्स्ट्रक्शन आर० ते आर७ एवढ्यांनाच हात लावतात. पण प्रत्येक रजिस्टर ३२ बिटांचं, त्यामुळे ३२ बिटांची बेरीज एका क्लॉकमध्ये. फिल्टर किंवा सेन्सरचं गणित असेल तर पुढे विचारच करू नका, हीच घ्या.

नुसते पिन चालू-बंद करायचे असतील तर पिक१६ अजूनही उत्तम. योग्य बँक (मेमरीचा विभाग) निवडलेली असली की कुठलंही बिट एका इन्स्ट्रक्शनमध्ये बदलतं. एव्हीआरमध्ये ही सोय पहिल्या ३२ आय/ओ (पिन वगैरेंच्या) पत्त्यांपुरतीच आहे.

इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवणारे संकेत) फार असतील तर मात्र नीट बघा. एम०+ आठ रजिस्टर स्वतःच स्टॅकवर (रॅममधल्या तात्पुरत्या जागेत) ठेवतं आणि १५ क्लॉकमध्ये हँडलरमध्ये, म्हणजे त्या इंटरप्टसाठी लिहिलेल्या कोडमध्ये, पोचतं. एव्हीआर फक्त परतीचा पत्ता ठेवतं. बाकीची रजिस्टरं कंपायलर एकेक करून ठेवतो, जाताना दोन क्लॉक, येताना दोन. हँडलरमधून दुसऱ्या फाइलमधलं फंक्शन बोलावलंत, तर डझनाहून जास्त रजिस्टरं अशी हलवावी लागतात. म्हणून एव्हीआर घेणार असाल तर हँडलरमध्ये फक्त फ्लॅग (खुणेचं व्हेरिएबल) लावा आणि उरलेलं काम मेन लूपमध्ये करा.