पेडल कडक, गाडी थांबेना: मास्टर आणि बूस्टरवर १९ हजार गेले, दोष मागच्या ब्रेकमध्ये होता

जुन्नर तालुक्यातून माळशेजमार्गे कल्याणच्या बाजाराला टोमॅटो नेणाऱ्या एका डिझेल पिकअपची ही हकीकत. मालक स्वतःच गाडी चालवतो, घर त्यावरच चालतं. तक्रार साधी होती. रिकामी गाडी व्यवस्थित थांबायची. माल भरून घाट उतरायला लागली की अर्ध्यात पेडल दगडासारखं कडक लागायचं. पाय कितीही रेटला तरी गाडी हवी तशी थांबायची नाही आणि पुढच्या चाकांतून जळका वास यायचा. पुढचे पॅड दर चार महिन्यांनी संपत होते.

एकाच गॅरेजात पाच आठवड्यांत चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पॅड, २४०० रुपये. दुसऱ्या फेरीत मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेक ऑइलला देणारा), ४६००. तिसऱ्या फेरीत बूस्टर (व्हॅक्युमच्या ओढीने पायाच्या जोराला मदत करणारा), ६८००. चौथ्या फेरीत पुढच्या डिस्क लेथला लावल्या, १६००. चार वेळची मजुरी, ब्रेक ऑइल आणि 'ब्रेक सर्व्हिस' मिळून ३६००. एकूण १९ हजार, आणि पुढच्या खेपेला घाटात पेडल पुन्हा तसंच कडक.

हे बिल ओळीओळीने तपासण्यासारखं आहे. यातली निम्मी कामं पेडलवर पाय ठेवून पाच मिनिटांत नाकारता आली असती.

ब्रेकचं पेडल चार तऱ्हांनी बिघाड सांगतं. पाय दाबून धरला आणि पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर तेल कुठेतरी निसटतंय. बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टरच्या आतला रबर कप तेल धरत नाही. पेडल स्पंजासारखं मऊ लागलं, तर लाइनमध्ये हवा आहे. पहिल्या दाबाला खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं, तर बहुधा मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे) ड्रमपासून लांब गेलेत, ॲडजस्टिंग करायला हवं. आणि पेडल कडक असूनही गाडी थांबत नसेल, तर दोन शक्यता उरतात: बूस्टरला व्हॅक्युम मिळत नाही, किंवा चाकापाशी घर्षणच होत नाही. कडक पेडलच्या तक्रारीवर मास्टर सिलिंडर बदलणं याला कारणच नाही. गळका मास्टर पेडल खाली नेतो, कडक करत नाही.

मग मालकाने मास्टरला होकार दिला कसा? त्याला पेडल खाली जाताना दाखवलं म्हणून. ही युक्ती सगळ्यांनी नीट समजून घ्या. मालकाला सीटवर बसवून पेडल दाबून धरायला सांगतात. दुसरा माणूस चाकापाशी बसून ब्लीडिंगचं, म्हणजे लाइनमधली हवा काढायचं निपल पाव आटा सैल करतो. पेडल पायाखाली जातं, आणि 'बघा, मास्टर गेला' हे वाक्य ऐकायला मिळतं. म्हणून ही चाचणी घेताना गाडीखाली किंवा चाकापाशी कोणीही नको, चारही चाकं जमिनीवर हवीत. पेडल मध्यम जोराने एक मिनिट धरा. खाली गेलं तर उतरून चारही चाकांच्या आतल्या बाजूला आणि मास्टर व बूस्टरच्या जोडावर ओल शोधा. मास्टर मागच्या बाजूने गळत असेल तर तो जोडाचे दोन नट काढून थोडा पुढे ओढला की बूस्टरच्या तोंडाशी तेल दिसतं. तिथे कोरडं असेल, पेडल जागेवर राहत असेल, तर मास्टर ठीक आहे.

बूस्टरच्या चाचण्यांना तर पानाही लागत नाही. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबा म्हणजे साठलेला व्हॅक्युम संपेल. आता पेडल दाबून धरा आणि गाडी चालू करा. पेडल पायाखाली थोडंसं आत ओढल्यासारखं गेलं तर बूस्टर मदत करतोय. नंतर इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि थांबून थांबून तीनदा दाबा. पहिला दाब खोल, पुढचे दोन वर वर येत गेले तर बूस्टर व्हॅक्युम धरून ठेवतोय. तिसरी चाचणी: चालू गाडीत पेडल दाबून धरा, तसंच धरून इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल जागेवर राहिलं पाहिजे. यात कुठे नापास झालं तरी लगेच बूस्टर नाही. आधी त्याचा होज पाहा. क्लिपपाशी चिरतो किंवा गरमीने आतून चपटा होतो. मग होजमधला एकदिशा वॉल्व. मग व्हॅक्युम पंप, जो बऱ्याच डिझेल पिकअपमध्ये अल्टरनेटरच्या मागे असतो. बूस्टरकडचा होज काढून चालू गाडीत तोंडावर अंगठा ठेवला की जोरात ओढ लागायला हवी.

या पिकअपमध्ये तिन्ही चाचण्या पास होत होत्या. शिवाय रिकामी गाडी चांगली थांबत होती आणि पेडल फक्त तापल्यावर कडक व्हायचं. चाकं तापल्याने बूस्टर बिघडत नाही. एवढा एक धागा धरला असता तरी ६८०० रुपये वाचले असते.

त्या बूस्टरची आणखी एक गोष्ट. शेवटी मालक गाडी दुसऱ्या मेकॅनिककडे घेऊन गेला. त्याने बूस्टर उघड्यावर पाहिला तेव्हा काळ्या रंगाखाली जुन्या गंजाचे फोड दिसत होते. बूस्टर बदललेलाच नव्हता, घासून रंगवून परत बसवला होता. यावर उपाय अगदी स्वस्त आहे. गाडी आत सोडण्यापूर्वी मास्टर, बूस्टर, कॅलिपर यांच्यावर आणि नटांवर नेलपॉलिशचा ठिपका लावा, मोबाइलवर फोटो काढा. जुना पार्ट परत हवा, असं काम सुरू होण्याआधीच सांगा आणि परत मिळालेल्या पार्टवर तो ठिपका पाहा. दुसऱ्याच गाडीचा भंगार पार्ट हातात ठेवणं हीसुद्धा जुनी चाल आहे. नव्या पार्टचा खोका उघडताना समोर उभे राहा. त्यावर कंपनीचं नाव-पत्ता, कमाल किंमत आणि महिना-वर्ष छापलेलं असायला हवं.

खरा दोष मागे होता, आणि तो एक नव्हता, दोन होते.

पहिला दोष मागच्या डाव्या ड्रममध्ये. एक्सलचं सील गळून डिफरन्शियलचं (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या खोक्याचं) गिअर ऑइल लायनरवर येत होतं. चौथ्या फेरीत गॅरेजने हे चाक उघडलं होतं. तेल पाहिलं, लायनर पेट्रोलने पुसले, वर पॉलिश पेपर मारला आणि ड्रम लावून टाकला. 'ब्रेक सर्व्हिस' म्हणजे हे. तेल प्यायलेला लायनर पुसून सुधारत नाही. पहिल्याच घाटात तापला की आतलं तेल पुन्हा वर येतं. लायनर बदलायचा, आणि तोही दोन्ही चाकांचा एकदम, नाहीतर एक बाजू जास्त धरते आणि ओल्या रस्त्यावर गाडीची शेपटी फिरते.

ड्रममध्ये ओल दिसली की ती कसली हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. लायनर ड्रमवर ढकलणारा व्हील सिलिंडर गळला तर ब्रेक ऑइल येतं, सील गेलं तर गिअर ऑइल. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तरी शंका असेल तर बाटलीच्या झाकणात पाणी घेऊन दोन थेंब टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, गिअर ऑइल वर तरंगतं. व्हील सिलिंडरच्या रबराच्या टोप्या कडेने उचलून आतली ओलही पाहता येते. हे न बघता सिलिंडर बदलले की गळती तशीच चालू राहते.

आणि सील का गेलं? डिफरन्शियलच्या एक्सलवर एक छोटा ब्रीदर असतो. तो चिखलाने बुजला की तापलेल्या हवेला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि तेल सीलमधून बाहेर ढकललं जातं. या गाडीचा ब्रीदर मातीने पूर्ण बंद होता. तो साफ न करता नुसतं सील घातलं असतं तर काही महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं.

दुसरा दोष लोड सेन्सिंग वॉल्वचा. याबद्दल पिकअपवाल्यांना कोणी नीट सांगतच नाही. चासीला हा वॉल्व असतो आणि त्याचा दांडा मागच्या एक्सलला जोडलेला असतो. माल भरला की चासी खाली बसते, दांडा वॉल्व उघडतो आणि मागच्या चाकांना ब्रेकचा जास्त दाब मिळतो. गाडी रिकामी असताना दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन घसरत नाहीत. आता जास्त माल भरता यावा म्हणून मागच्या स्प्रिंगला दोन पाटे वाढवले, तर काय होतं? भरलेली गाडीसुद्धा पुरेशी खाली बसत नाही. वॉल्वला वाटतं गाडी रिकामी आहे. दीड टन माल असूनही मागचे ब्रेक हलकेच लागतात आणि सगळा भार पुढच्या पॅडवर जातो. दर चार महिन्यांनी संपणाऱ्या पॅडचं कोडं इथे सुटतं. या गाडीत पाटे तर वाढवलेले होतेच, शिवाय वॉल्वचा लिव्हर गंजून एकाच जागी अडकला होता.

सगळ्या मिळून ३ टन भरलेली गाडी ५०० मीटर उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा जिरवावी लागते ती साधारण ४५ लिटर पाणी उकळीला आणेल इतकी असते. त्यातला काही भाग खालच्या गिअरमध्ये इंजिन घेतं, बाकीचा चार चाकांनी वाटून घ्यायचा असतो. तो दोनच चाकांवर पडला की पॅड तापून गुळगुळीत होतात आणि धरत नाहीत. पेडल कडक, गाडी पळते. त्याहून जास्त तापलं आणि ब्रेक ऑइल जुनं असेल तर ते उकळतं, वाफ होते आणि पेडल एकदम तळाला जातं. डॉट ३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओलावा शोषल्यावर १४० अंशांना. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलायचं, वरून भर घालून चालत नाही. घाटात न्यूट्रल करू नका आणि इंजिन तर कधीच बंद करू नका, दोन-तीन दाबांत बूस्टरची मदत संपते.

लिव्हर दुरुस्त करायच्या नावाखाली काही ठिकाणी तो तारेने वर बांधून टाकतात. मागचा ब्रेक एकदम जोरदार लागतो, मालक खूश होतो. पहिल्या पावसात रिकामी गाडी मागून घसरते. असं कोणी करू लागलं तर तिथून गाडी काढा. वॉल्व मोकळा होतो का पाहायचं, नाहीतर बदलायचा, आणि दांड्याची लांबी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मापाने, सपाट जागी, रिकाम्या गाडीवर लावायची. वाढीव पाटे असतील तर ते माप लागू पडत नाही. पाटे काढावेच लागतात, आणि क्षमतेइतकाच माल भरावा लागतो.

हवा काढतानाही या वॉल्वमुळे चूक होते. मागची एक्सल लोंबकळत ठेवून ब्लीडिंग केलं तर वॉल्व आखडलेला राहतो आणि हवा अडकू शकते. वजन चाकांवर किंवा एक्सलखाली ठेवलेल्या घोड्यांवर (स्टँडवर) हवं. क्रम मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून: आपल्याकडे बहुतेक गाड्यांत आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. वॉल्वला स्वतःचं निपल असेल तर तेही. काढलेलं ऑइल पुन्हा टाकीत ओतताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवा.

मागचे ब्रेक काम करतात की नाही हे ओळखायला गाडी उघडावी लागत नाही. पाच-सहा किलोमीटर नेहमीसारखी ब्रेक लावत चालवा आणि थर्मामीटर गनने चारही चाकं मोजा. डिस्क ड्रमपेक्षा जास्त तापते, ते साहजिक आहे. पण डावं-उजवं जवळपास सारखं हवं, आणि मागचा ड्रम जवळजवळ थंड असेल तर तो फुकट फिरतोय. गन नसेल तर ड्रमवर पाण्याचे दोन थेंब टाकून बघा. तापलेल्या डिस्कवर मात्र पाणी नको.

पैशांचं म्हणाल तर बिल छापील घ्या, त्यावर प्रत्येक पार्टचा नंबर आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. जीएसटी लावला असेल तर तो क्रमांक जीएसटीच्या पोर्टलवर तपासता येतो. गाडी धंद्याची असली तरी स्वतः चालवून त्यावरच उपजीविका करणारा मालक कायद्याने ग्राहक ठरतो. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून दोन वर्षांच्या आत दावा करता येतो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. या मालकाकडे तीन फेऱ्यांच्या फक्त वहीच्या चिठ्ठ्या होत्या, पार्ट नंबर एकाही चिठ्ठीवर नव्हता.

दुसरीकडे झालेलं काम असं: दोन्ही बाजूंची सीलं, मागचे लायनर, ब्रीदरची साफसफाई, कमी झालेल्या गिअर ऑइलची भर, ड्रमचा व्यास त्यावर कोरलेल्या कमाल मापात आहे का ते बघणं, वाढीव पाटे काढणं, वॉल्व मोकळा करून माप लावणं. मजुरीसह ४१०० रुपये. त्यानंतरच्या पहिल्या भरलेल्या खेपेत घाट उतरून टोकावड्याला गाडी बाजूला घेतली आणि चाकं मोजली. मागचे दोन्ही ड्रम सारखेच तापले होते, आणि पुढून वास येत नव्हता.