किट आधी काट्यावर ठेवा, मग पैसे द्या

२०२४ च्या ऑगस्टअखेर बडोद्यात विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली. समा, अकोटा, वडसर, मुजमहुडा भागांत तळमजले बुडाले, आणि पाणी ओसरायच्या आतच मदतीच्या आवाहनांचे मेसेज फिरू लागले. बडोद्याच्या दांडिया बाजार भागातल्या एका मराठी मंडळाने वर्गणी गोळा करून एका मध्यस्थाला २०० राशन किटचे पैसे दिले, दर ११०० रुपये. चार दिवसांत किट आली, वाटपाचे फोटो निघाले, सगळे समाधानी होते. मग वडसरच्या एका घरातून फोन आला की महिन्याचं राशन म्हणून दिलेलं चार दिवसांत संपलं.

यादीत होतं: आटा ५ किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ, साखर आणि मीठ प्रत्येकी १ किलो, तेल १ लिटर, चहा २५० ग्रॅम. म्हणजे नुसता माल १४ किलोच्या वर भरायला हवा. किराणा दुकानाच्या काट्यावर वडसरच्याच दुसऱ्या एका घरातलं न उघडलेलं किट ठेवलं तर साडेअकरासुद्धा भरेना. आटा ४, तांदूळ ४, डाळ आणि साखर ८००-८०० ग्रॅम, चहा १०० ग्रॅम. मीठ तेवढं पुरतं होतं, कारण ते कंपनीचं बंद पाकीट. सुटा माल साध्या पिशवीत हातातल्या यंत्राने सील केला की किती भरला हे कोण बघणार? तेलाची चलाखी वेगळीच. १ लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम असतं, पण बाजारात तशाच दिसणाऱ्या ७५० किंवा ८०० ग्रॅमच्या पिशव्या मिळतात. पिशवीवर खरं वजन बारीक अक्षरात छापलेलं असतं, त्यामुळे ओरड करायलाही जागा नाही.

‘महिन्याचं राशन’ हा दावा तर यादीप्रमाणे माल भरूनही खोटाच ठरतो. आपत्तीच्या मदतीत माणशी रोज २१०० कॅलरी धरतात. त्या हिशोबाने पूर्ण किट पाच जणांना जेमतेम पावणेपाच दिवस पुरतं. कमी भरलेलं पुरतं पावणेचार दिवस. म्हणजे प्रत्येक घरामागे एका दिवसाचं जेवण चोरलं गेलं, आणि ते ज्यांची चूलच भिजली आहे अशांच्या ताटातून. याचा राग यायलाच हवा.

म्हणून दराआधी वजन लिहून घ्या. हाथीखाना बाजारातल्या दोन-तीन घाऊक व्यापाऱ्यांकडून त्याच यादीचा भाव मागा, आटा-तांदूळ शक्यतो कंपनीच्या बंद पिशवीतच घ्या. गाडी उतरवताना दर वीस किटमागे एक तरी, आणि तेही आपण निवडलेलं, काट्यावर ठेवा. माल आणणारा स्वतः पुढे करेल ते नको. अर्धे पैसे वजन झाल्यावरच द्या.

ताडपत्रीतही हेच होतं. १२ बाय १८ फुटांची २०० जीएसएमची (म्हणजे दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची) ताडपत्री सुमारे ४ किलो भरते. ९० जीएसएमची पावणेदोन किलोच्या आसपास. ती पहिल्या वाऱ्यातच कड्यांपाशी फाटते. शिवाय व्यापारी कापडाचं माप कडा दुमडण्याआधीचं सांगतात, प्रत्यक्षात दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट कमी निघतो. टेप आणि काटा दोन्ही बरोबर न्या. क्लोरीनच्या गोळ्या घेताना मुदत पाहा, आणि एक गोळी किती लिटरसाठी आहे हे पाकिटावरून वाचून लोकांना मराठी-गुजरातीत सांगा. गढूळ पाणी आधी कापडातून गाळावं लागतं, नाहीतर गोळीचा जोर गाळावरच खर्च होतो.

पावतीचीही फसवणूक होते. त्या मध्यस्थाने ‘८०जी’, म्हणजे देणगीवरच्या प्राप्तिकर सवलतीचं तेव्हाचं कलम, छापलेली पावती दिली होती. पण वस्तुरूप देणगीला ही सवलत नाही, आणि २००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीलाही नाही. ट्रस्ट खरा असेल तर तो प्राप्तिकर खात्याला माहिती कळवून देणगीचं प्रमाणपत्र देतो, आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत. नोंदणी क्रमांक मागा आणि चॅरिटी कमिशनरच्या कार्यालयात पडताळा. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर पिन टाकण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं. ट्रस्टऐवजी कुणा व्यक्तीचं नाव आलं तर तिथेच थांबा. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा आणि व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक हाताशी ठेवा. जितका उशीर, तितके ते पैसे पुढच्या खात्यांत पांगतात.

मालाच्या फसवणुकीत मात्र पुरावा म्हणजे मालच. बिल, यादी, गाडीचा नंबर, आणि दोन न उघडलेली किटं बाजूला ठेवा. ती पंचनाम्याला लागतात. त्या मंडळाने सगळी किटं वाटून टाकली होती, वडसरचंही वजन झाल्यावर त्या घरी परत दिलं. तक्रार द्यायला गेले तेव्हा हातात फक्त वाटपाचे फोटो होते.