पंधरा दिवसांत उजळलेला चेहरा

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाआधी बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका कार्यालयात भरलेल्या प्रदर्शनातून केशर-चंदनाचा म्हणून एक साबण आणि त्याच्या जोडीची क्रीमची डबी मी साडेसहाशे रुपयांना घेतली. "वहिनी, पूर्ण आयुर्वेदिक आहे, पंधरा दिवसांत फरक दिसला नाही तर पैसे परत," असे कोल्हापूरहून आलेल्या विक्रेत्या बाईंनी सांगितले होते. फरक दिसला, आणि खरी मेख तिथेच होती. वांगाचे डाग फिके पडले, तेव्हा गल्लीतल्या दोघींना ती डबी मीच मागवून दिली, याची आजही लाज वाटते.

दीड महिन्याने डबी संपली आणि चौथ्या दिवशी गाल लालबुंद झाले. नुसते पाणी लागले तरी आग होई, हनुवटीभोवती पुटकुळ्या उठल्या. बाईंचे उत्तर तयार होते, "अंगातली उष्णता बाहेर पडते आहे, दुसरी डबी सुरू करा." केली, तर दोन दिवसांत चेहरा शांत झाला, त्यामुळे माझा विश्वास उलट वाढलाच.

शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी भिंगातून गालावर उमटलेल्या बारीक रक्तवाहिन्या पाहिल्या आणि एवढेच विचारले, "लावले की बरे, सोडले की आग, असेच ना?" अशा क्रीममध्ये बऱ्याचदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉइड मिसळलेले असते, ते लाली आणि रंग तात्पुरता दाबते, कातडी पातळ करते आणि थांबवताच सारे उसळून वर येते, असे त्यांनी समजावले. त्यात साधा साबण अल्कधर्मी, म्हणून आधीच सोललेल्या कातडीला तो अधिकच झोंबत होता. उपचार पाच महिने चालले. खर्चाचा हिशेब यजमानांना मी अजून पूर्ण सांगितलेला नाही.

त्या दिवशी घरी येऊन डबी प्रथमच चष्मा लावून वाचली. पत्त्याच्या जागी नुसते 'कोल्हापूर', परवाना क्रमांक नाही, बॅच क्रमांक नाही, आणि मुदतीच्या तारखेचा शिक्का ओल्या अंगठ्याने पुसला गेला.

विक्रेती महाराष्ट्रातली, आपण कर्नाटकात, तेव्हा तक्रारीला अर्थ नाही, असे सगळ्यांनी सांगितले. प्रत्यक्षात 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे, म्हणजे बेळगावातच, तक्रार करता येते. पावती नव्हती, पण फोनवरून पैसे दिल्याची नोंद होती. ती आणि अर्धी उरलेली दुसरी डबी मी वकिलांकडे दिली आहे.

गल्लीतल्या दोघींपैकी एकीने डॉक्टरांना दाखवून क्रीम सोडले. दुसरी म्हणते, "मला तर छान सूट झालंय."