न्यूटन्स क्रेडल: सात महिने आणि एक मालवणी पावसाळा

पाच गोळ्या, दोन दांड्या, साडेचारशे रुपये. दोऱ्यांनी ओळीत टांगलेल्या गोळ्या; एका टोकाची उचलून सोडली की दुसऱ्या टोकाची उडते. वस्तू सगळ्यांच्या पाहण्यातली, तेव्हा थेट तक्रारीवर येतो: तिसरी गोळी.

ऑगस्टपर्यंत तिची गाठ ढिली होऊन ती भाताच्या शिताएवढी खाली उतरली. शिताएवढीच! पण गोळ्यांचे मध्य जुळेनासे झाले की टक्कर समोरासमोर होत नाही, गोळ्या आडव्या झुलतात आणि दहा-बारा ठोक्यांत सगळा घोळका एकदम डुलायला लागतो. विक्रेता म्हणाला, "सर, शोपीसला वॉरंटी नसते." परत पाठवायचं तर कुरिअर माझ्या खर्चाने. त्यापेक्षा बंदरावरून वीस रुपयांचं तंगूस (मासे गळाला लावायचा नायलॉनचा दोरा) आणलं आणि पाचही गोळ्या नव्याने टांगल्या. गंजावर खोबरेल लावलं, तो मात्र माझा गाढवपणा. चिकटपणा आला, पुन्हा पुसत बसलो.

एवढं करूनही पाळणा थांबतोच, म्हणून एक स्टार कापला होता. तो परत देतोय. प्रत्येक 'टक' म्हणजे थोडी ऊर्जा आवाजात आणि उष्णतेत गेली. थांबणारच तो.

मत बदललं ते भाच्यामुळे. "मामा, दोन सोडल्यार दोनच कित्याक उडतत? एकच दुप्पट वेगान गेली तर?" संवेगाचा (वस्तुमान गुणिले वेग) हिशेब तसाही जुळतो. पण गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणजे त्या एकटीला दुप्पट ऊर्जा लागेल. ती आणायची कुठून? (नुसत्या या दोन नियमांवर पाच गोळ्यांचे वेग ठरत नाहीत, जोडीजोडीने टकरा धराव्या लागतात. ते त्याला बारावीनंतर सांगेन.)

मग बाकीच्या गोळ्या बाजूला धरून दोघींच्या मध्ये कणीक चिकटवली. चार सेंटीमीटर उंचीवरून एक सोडली, तर जोडी चिकटून जेमतेम एक सेंटीमीटर चढली. वेग निम्मा, वजन दुप्पट: टकरीत संवेग शाबूत, अर्धी ऊर्जा कणकेने खाल्ली. साडेचारशे इथेच वसूल झाले.

नाव न्यूटनचं असलं तरी टांगलेल्या गोळ्यांच्या टकरींचे प्रयोग फ्रान्सच्या मारियॉतने आधी केले होते. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया' या आपल्या ग्रंथात न्यूटनने त्याचा उल्लेख केलाय. खोक्यावर अर्थातच त्याचं नाव नाही.

चार स्टार. तिसरी गोळी पुन्हा अर्धं शीत उतरलीय. तंगूस शिल्लक आहे.