युरेल पास दोन महिने वापरल्यावर: कोणी घ्यावा, कोणी नाही

आधी निकाल सांगते, मग हिशोब. मुलाकडे किंवा मुलीकडे जर्मनीत दोन-तीन महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांनी युरेलचा, म्हणजे युरोपभरच्या रेल्वेचा, पास जरूर घ्यावा. आठवड्याभरात पॅरिस, रोम आणि बार्सिलोना उरकून येणाऱ्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. पास तोच असला तरी वापरणारे आणि वापरायचे देश बदलले की त्याची किंमत साफ बदलते.

मी आणि हे, दोघेही साठी ओलांडलेले, डोंबिवलीकर. २०२५ च्या उन्हाळ्यात लेकीकडे श्टुटगार्टला होतो. परत येऊन बरेच महिने झाले, तरी सोसायटीत कोणाच्या ना कोणाच्या मुलाचं जर्मनीत काहीतरी ठरतं आणि आमच्याकडे विचारणा होते, ‘तुम्ही तो पास काढला होता ना? परवडला का?’ म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

युरेल ग्लोबल पास ३३ देशांतल्या रेल्वेवर चालतो आणि तो युरोपबाहेर राहणाऱ्यांसाठी आहे. युरोपात राहणाऱ्यांसाठी त्याचंच भावंड म्हणजे इंटररेल. इथे पासपोर्ट कोणत्या देशाचा हे पाहत नाहीत, राहता कुठे ते पाहतात. त्यामुळे भारतीय पासपोर्ट असूनही आमच्या लेक-जावयाला युरेल मिळत नाही, इंटररेलच घ्यावा लागतो. त्यात राहत्या देशातून बाहेर पडायला एक आणि परत यायला एक असा मोजकाच प्रवास करता येतो. आम्ही पडलो डोंबिवलीचे रहिवासी, त्यामुळे आम्हाला अख्खी जर्मनी मोकळी! थोडक्यात, सगळ्या कुटुंबाला एकसारखा पास निघेल असं धरून बेत आखू नका.

त्या ३३ देशांच्या नकाशालाही भुलू नका. पास ब्रिटन, आयर्लंड, तुर्कस्तान इथेही चालतो, पण युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच असलेला आपला शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. बहुतेकांना शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस मिळतात. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकलं की परतीचा दरवाजा बंद. म्हणून पास व्हिसा हातात आल्यावरच घ्यावा. एरवी तो सुरू केला नसेल तर १५ टक्के कापून बाकीचे पैसे परत मिळतात, पण सवलतीच्या सेलमध्ये घेतलेल्या पासला ती सोय नसते. घेतल्यापासून अकरा महिन्यांत कधीही सुरू करता येतो, तेव्हा घाईचं कारणच नाही.

पासाचे दोन प्रकार. एक सलग: पंधरा दिवस, बावीस दिवस, एक ते तीन महिने. दुसरा सुट्या दिवसांचा: महिन्यात चार, पाच किंवा सात दिवस, नाहीतर दोन महिन्यांत दहा किंवा पंधरा दिवस. लेकीकडे राहायचं आणि मधूनमधून भटकून यायचं असेल तर सलग पास म्हणजे घरी बसलेल्या दिवसांचेही पैसे. आम्ही दोन महिन्यांत पंधरा दिवसांचा, दुसऱ्या वर्गाचा घेतला. साठीच्या वरच्यांना १० टक्के सूट मिळते, २७ वर्षांपर्यंतच्या तरुणांना २५ टक्के. आम्हाला एक प्रवासदिवस माणशी तीस-पस्तीस युरोंच्या घरात पडला. हा आकडा डोक्यात पक्का बसवून घ्या, पुढचे सगळे निर्णय त्याच्यावर होतात.

प्रवासदिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. त्या दिवसात एका गाडीत बसा नाहीतर सहा गाड्यांत, एकच दिवस कापला जातो. रात्री बाराच्या आत सुटणारी थेट गाडी सकाळी पोहोचत असेल तरी फक्त निघण्याचा दिवस मोजतात. झोपायच्या बर्थचे किंवा साध्या सीटचे पैसे मात्र वेगळे.

पास मोबाईलवर येतो, ‘रेल प्लॅनर’ नावाच्या अ‍ॅपमध्ये. दोघांचे पास एका फोनवर ठेवता येतात, हे आमच्या फार उपयोगी पडलं. इथे लोकलच्या पासाची सवय विसरावी लागते. आपल्याकडे तिमाही पास पाकिटात टाकला की तीन महिने डोक्याला ताप नाही. इथे प्रत्येक गाडी आधी अ‍ॅपमध्ये शोधायची, आपल्या सहलीत घालायची, मग पासला जोडायची, तेव्हा कुठे क्यूआर कोड तयार होतो. टीसी तो स्कॅन करतो, कधी पासपोर्टही मागतो. ह्यांना पहिले काही दिवस हा सोपस्कार फार जाचला, पुढे चहा पिता पिता व्हायला लागला. फक्त फलाटावर जाताना गाडी पासला जोडावी, आदल्या रात्री नको. सकाळी पाऊस बघून बेत फिरला तर दिवस फुकट गेला असं होत नाही.

आता हिशोब. श्टुटगार्ट ते बर्लिन किंवा व्हिएन्ना असा लांबचा प्रवास आयत्या वेळी, कोणत्याही गाडीत बसता येईल अशा तिकिटाने केला तर माणशी शंभर युरोंच्या वर जातो. तिथे तीस-पस्तीस युरोंचा दिवस म्हणजे चैन. पण तोच प्रवास दीड-दोन महिने आधी ठरवून ‘स्पारप्राइस’ तिकीट काढलं, तर कित्येकदा ते पासाच्या एका दिवसाइतकंच किंवा त्याहून स्वस्त पडतं. मग पास कशाला? कारण स्वस्त तिकीट तुम्हाला एका ठरावीक गाडीला बांधतं. आम्ही पासावर जो खर्च केला तो मुख्यतः सकाळी उठून, गुडघे काय म्हणतात आणि आकाश कसं आहे ते पाहून, कुठे जायचं ते ठरवण्यासाठी. या वयात ती सोय मला बचतीपेक्षा मोठी वाटते.

शिवाय जर्मन गाड्यांची वेळ. वक्तशीरपणाची ख्याती जुनी झाली. २०२४ मध्ये डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर माफ करून. पास असला की जोडगाडी चुकली तर शांतपणे पुढच्या गाडीत चढायचं. बांधलेल्या तिकिटालाही मोठा उशीर झाला तर मोकळीक मिळते, पण ती कधी मिळते हे परक्या भाषेत, बॅगा धरून, फलाटावर उभं राहून समजून घेणं मला तरी नको. अ‍ॅप सहा मिनिटांत गाडी बदलायला सांगतं. तो सल्ला विशीतल्या मुलांसाठी. आपण अर्ध्या तासाची जोडगाडी निवडावी. हमाल नसतात, आणि लिफ्ट असलीच तर नेमकी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला.

जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही. जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाडीत पाचेक युरो देऊन सीट राखून ठेवता येते. शुक्रवारी दुपारी आणि रविवारी ती राखावीच. एरवी सीटच्या वर पाहायचं. तिथे स्टेशनांची नावं दिसली की ती जागा तेवढ्या टप्प्यापुरती कोणाची तरी आहे, कोरी असेल तर बसा. एस-बान, म्हणजे तिथली लोकल, पासात येते, पण शहरातली मेट्रो, ट्राम आणि बस येत नाहीत.

सगळ्यात वसूल झालेला दिवस सांगते. स्वित्झर्लंडमध्ये खूर गावी मुक्काम होता. तिथून बर्निना मार्गाने इटलीतल्या तिरानोपर्यंत गेलो आणि संध्याकाळी परत आलो, सगळं एका प्रवासदिवसात. या मार्गावरच्या बर्निना एक्सप्रेसचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण तिला आरक्षण सक्तीचं आणि त्याचे पैसे वेगळे. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात. मध्ये गाडी बदलावी लागते एवढंच, पासावर वेगळं काही मोजावं लागत नाही, आणि खिडकी उघडणारा डबा मिळाला तर फोटोत काचेवरची आपलीच छबी येत नाही. लँडवासरचा पूल, २२५३ मीटरवरचं ओस्पित्सिओ बर्निना, मग दातेरी रुळांशिवाय तशीच उतरत जाणारी गाडी, ब्रुसिओला पुलावरूनच घेतलेला गोल वळसा, आणि तिरानोला पोहोचेपर्यंत उंची ४२९ मीटर. सकाळी स्वेटर, दुपारी आइस्क्रीम. २००८ पासून हा मार्ग जागतिक वारशात आहे. पासाच्या किमतीचं समर्थन करायला मला हा एक दिवस पुरेसा आहे.

डोंगरावरच्या गाड्यांचं गणित मात्र वेगळं. युंगफ्राऊयोखला युरेलवर २५ टक्केच सूट मिळते. इंटरलाकेनला तळ ठोकून रोज एक शिखर करायचं असेल तर स्विस हाफ फेअर कार्ड पाहावं. आम्ही गेलो तेव्हा ते महिन्याला १२० फ्रँकना होतं आणि बहुतेक गाड्या, बोटी, रोपवे अर्ध्या भाड्यात. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ट्राम, बोटी आणि शेकडो संग्रहालयंही येतात, पण तो महाग आणि फक्त स्वित्झर्लंडपुरता.

फ्रान्स, इटली आणि स्पेनमधल्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. इटलीच्या फ्रेच्चारोसाला दहा युरोंच्या वर जातात, आणि इटालो कंपनीच्या गाड्यांत तर पास चालतच नाही. श्टुटगार्टहून पॅरिस साधारण सव्वातीन तासांवर, पण त्या गाडीत पासवाल्यांसाठी ठरावीक जागा असतात आणि सुट्ट्यांत त्या संपतात. म्हणजे सकाळी उठून ठरवायची मुभा गेली, वर पैसेही गेले. आम्ही पॅरिसची साधी तिकिटं आधीच काढली आणि पासाचा दिवस वाचवला.

पासाचे दिवस जवळच्या गावांसाठी जाळू नका. त्यासाठी डॉइचलँडटिकेट आहे. २०२५ मध्ये ते महिन्याला ५८ युरो होतं, जानेवारी २०२६ पासून ६३. आयसीई वगैरे वेगवान गाड्या सोडून देशभरच्या प्रादेशिक गाड्या, एस-बान, मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात येतं. परदेशी पाहुण्यालाही मिळतं. ते ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग स्टेशनपर्यंतही चालतं, त्यामुळे म्युनिकहून साल्झबुर्गसाठी पासाचा दिवस लागत नाही. फक्त ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, आणि थांबवायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं. नाहीतर तुम्ही डोंबिवलीत आणि पैसे श्टुटगार्टला जात राहतात.

एका एजंटने आम्हाला ‘ज्येष्ठांना बरं पडतं’ म्हणून पहिल्या वर्गाचा पास सुचवला होता. जर्मनी-स्वित्झर्लंडमधला दुसरा वर्ग आपल्या चेअर कारपेक्षा कुठेही कमी नाही. ते पैसे खूरच्या हॉटेलात कामी आले.

पुढच्या खेपेला दोन महिन्यांत दहा दिवसांचा पास घेऊ. लांबचे दिवस तेवढेच निघतात, बाकीचं डॉइचलँडटिकेटवर होतं. ह्यांचा डोळा वर्षअखेरच्या सेलवर आहे. मी म्हटलं, आधी व्हिसासाठी व्हीएफएसची अपॉइंटमेंट मिळवा.